हे कोणी काढलं?

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा माझा तिसऱ्या नंबरचा विषय होता आणि मार्कही तसेच पडायचे. त्यामुळे 'या वर्षी मराठी विभागात लिही' असं सर म्हणाले तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या समजाव्यात, नाही सापडल्या तर श्रेय संपादक मंडळाचं. पण विषय असा आहे की तो इंग्रजी विभागात लिहून उपयोग नव्हता. विषय आहे आपली भिंत.

कुठली भिंत, ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. मेन गेटपासून टू-व्हीलर पार्किंगपर्यंत जाणारी, साधारण ७० फूट लांब आणि ८ फूट उंच. 'येथे थुंकू नये' याशिवाय तिच्यावर वर्षानुवर्षं काही लिहिलेलं नव्हतं. गॅदरिंगच्या आधी डेकोरेशन कमिटीची मीटिंग झाली. 'या वर्षी ट्रॅडिशनल थीम' असं ठरलं आणि पुढच्याच मिनिटाला कोणीतरी म्हणालं, "वारली काढू. सोपं असतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात माझीही मान होती.

मग काय केलं? इंटरनेटवरून एक चित्र उतरवलं. सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर आणला (रीतसर अर्ज देऊन आणला, असं रेक्टर सरांनी वाचावं). रात्री मेस आटोपल्यावर भिंतीवर चित्र पाडलं आणि पांढऱ्या ऑइल पेंटने गिरवत गेलो. पहाटे चारपर्यंत अर्धी भिंत झाली. सरळ भाषेत सांगायचं तर आम्ही जीटी मारली. फर्स्ट इयरवाल्यांसाठी खुलासा : जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि ओठांवर देवाचं नाव. हा प्रकार स्टाफला माहीत नाही असं आपण समजून चालतो, आणि स्टाफही मोठ्या मनाने तसंच समजून चालतो.

दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर फोटो निघाले, सगळ्यांच्या स्टेटसला लागले. 'संस्कृतीचं जतन' वगैरे शब्द कानावर आले. मला फार भारी वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ब्रश धूत होते. फर्स्ट इयर कॉम्प्युटरचा एक मुलगा भिंतीसमोर बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने विचारलं, "ताई, हे कोणी काढलं?"

मी ऐटीत म्हटलं, "आम्ही."

"नाही, म्हणजे मूळ कोणाचं आहे?"

मी गप्प. मग तो जरा चाचरत म्हणाला, "हा मधला मोठा चौकोन आहे ना, तो देवीचा चौक आहे. आमच्याकडे लग्नातच काढतात. माझी आजी काढायची. इथे त्याच्यासमोर गाड्या लावणार का?"

तो मुलगा विक्रमगडकडचा. वारली. चार महिने आम्ही एकाच मेसमध्ये तीच बटाट्याची भाजी खात होतो आणि कमिटीतल्या एकालाही हे माहीत नव्हतं. मी घाईघाईने माझी चूक सावरायला गेले आणि दुसरी चूक केली. म्हटलं, "अरे मग तूच काढ ना!" तो हसला. म्हणाला, "मला नाही येत ताई. मी कॉम्प्युटरला आलोय."

त्या रात्री मला ही दोन्ही वाक्यं झोपू देईनात. वारली मुलगा म्हणजे त्याला वारली चित्रं येणारच, हे मी धरूनच चालले होते. उद्या कोणी मला म्हणालं, तू मराठी ना, मग लावणी करून दाखव, तर मी काय करेन? पण त्याहून जास्त टोचलं ते पहिलं वाक्य. हे कोणी काढलं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मला तो प्रश्न पडलाही नव्हता.

म्हणून मग वाचायला घेतलं. सबमिशनचे दिवस होते, तरी घेतलं. जे कळलं ते थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारखे बरेच असतील ज्यांना वारली म्हणजे क्राफ्टच्या तासाला काढलेली बॉर्डर एवढंच माहीत आहे.

ही चित्रं मुळात कुडाच्या भिंतीवरची. भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी करून बांबूच्या काडीने रेघ ओढायची. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचं वर्तुळ. आम्ही 'सोपं असतं' म्हणालो ते यावरूनच. पण ते दोन त्रिकोण जिथे भेटतात तो बिंदू जरा इकडचा तिकडे सरकवा, तेवढ्याने माणूस नाचायला लागतो, वाकतो, ओझं उचलतो. आमच्या प्रोजेक्टरवाल्या भिंतीवरची माणसं नुसतीच उभी आहेत. आता जाऊन बघा, पटेल.

आणि हे काढणाऱ्या मुळात बायका. लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर लग्नचौक काढत. चौकात पालघट देवी, बाजूच्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणून लग्न लावणार. म्हणजे ते चित्र विधीचा भाग होतं. लग्न झालं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली की चित्रही गेलं. त्या बायकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. गावात विचारायची गरजही नव्हती. कोणी काढलं ते सगळ्यांना माहीत असायचं. 'हे कोणी काढलं' हा प्रश्न चित्र गावाबाहेर पडल्यावरच सुरू होतो.

ते बाहेर पडलं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून वारल्यांच्या पाड्यांवर फिरत होते. त्याआधी ते बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांकडे कागद घेऊन गेले होते. डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. मशे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली त्या धक्क्याने त्यांनी बोलणंच सोडलं आणि ते धुळीत चित्रं काढून सांगू लागले, असं सांगतात. बायकांचं मानलेलं काम हा पुरुष करत होता, आणि लग्न नसतानाही करत होता. मासेमारी, भातलावणी, तारपा नाच, वारूळ, वेशीवरचा वाघ... त्यांनी जे पाहिलं ते सगळं भिंतीवर आणि मग कागदावर, कापडावर आलं.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये मेन्तोंला चित्रं गेली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरने एक प्रचंड प्रदर्शन भरवलं. शंभराहून जास्त कलाकार, त्यातले निम्मे युरोप-अमेरिकेच्या बाहेरचे. प्रदर्शनाचं नाव 'पृथ्वीचे जादूगार' अशा अर्थाचं होतं आणि त्यावर तेव्हा टीकाही झाली, की तुम्ही आशिया-आफ्रिकेतल्या माणसांना जादूगार ठरवून मोकळे होता. ती टीका मला पटते. पण त्या प्रदर्शनाने एक गोष्ट केली जी आपल्याकडे सहसा होत नाही. 'भारतीय आदिवासी कला' असा ढीग न करता प्रत्येक माणसाचं नाव लावलं. जिव्या सोमा मशे हे नाव तिथे युरोपातल्या मोठ्या शिल्पकारांच्या बरोबरीने होतं.

त्यातलाच एक होता इंग्लंडचा रिचर्ड लाँग. हा माणूस चालतो, आणि चालणं हेच त्याचं शिल्प. १९६७ मध्ये तो एका गवताच्या मैदानात सरळ रेषेत पुढे-मागे चालत राहिला, गवत दबून रेघ उमटली, तिचा फोटो काढला. झालं शिल्प! (आमच्या क्लासमध्ये हे सांगितल्यावर एक जण म्हणाला की मग मेसपासून कॅन्टीनपर्यंतची पायवाट आपल्या बॅचच्या नावावर करा.) २००३ मध्ये लाँग स्वतः मशे यांच्या मुलखात आला, तिथली जमीन पाहिली, तिच्यावर काम केलं. मग त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात दोघांचं मिळून प्रदर्शन झालं आणि २००४ मध्ये इटलीत मिलानला. प्रदर्शनाचं नाव होतं 'संवाद'. दोन्ही नावं शेजारी शेजारी, एकाच मापाची. या संग्रहालयाचा तेव्हाचा प्रमुख तोच, ज्याने १९८९ चं पॅरिसचं प्रदर्शन उभं केलं होतं : जाँ-ह्युबेर मार्तँ.

हा २००३ चा प्रसंग मला सगळ्यात आवडला. पाहुण्याने आधी येऊन जागा पाहिली, यजमानाचं काम पाहिलं आणि मग आपली रेघ ओढली. आपण बरोब्बर उलटं केलं. चित्र आधी उतरवलं, भिंतीवर चिकटवलं, आणि माणूस शेवटी स्वतःच आमच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा कळला.

आता इथे वाचकांपैकी कोणीतरी म्हणेल, की ही बघा कॉन्व्हेंटवाली, गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून हिला किंमत कळली. खोटं कशाला बोलू, थोडंफार तसंच आहे. मशे यांना २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला आणि पद्मश्री मिळाली २०११ मध्ये. परदेशातून शिक्का आल्यावर आपण जागे होतो ही जुनीच सवय आहे. पण परदेशवारी म्हणजे सगळं गोड असंही नाही. त्याच पॅरिसच्या प्रदर्शनात मध्य प्रदेशचा गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम होता. भोपाळच्या भारत भवनने त्याला पुढे आणलं. २००१ मध्ये तो जपानमधल्या एका संग्रहालयात राहून काम करत होता, आणि तिथेच त्याने आयुष्य संपवलं. तेव्हा तो जेमतेम चाळिशीचा होता. त्यानंतर इथल्या कलाकारांनी खूप प्रश्न विचारले. परक्या देशात एकटा राहणारा कलाकार, त्याचा करार कोणत्या भाषेत असतो? परत कधी यायचं ते कोण ठरवतं? बरं वाटत नसेल तर त्याने कोणाला सांगायचं?

म्हणजे बोलावणं पुरेसं नाही. नाव लावणंही पुरेसं नाही. काम कुठे, किती दिवस, किती पैशात, कोणाच्या सोबतीने, हे सगळं त्या माणसाला आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला चाकणला जातो तरी पालकांच्या सहीचा फॉर्म, बसचा नंबर आणि बरोबर येणाऱ्या सरांचं नाव लागतं. एका कलाकाराला समुद्रापार नेताना किंवा अगदी डहाणूहून माणला आणताना एवढंही नको?

कोणी असंही म्हणेल की हा प्रश्न फक्त आदिवासी कलाकारांचा आहे. तसंही नाही. आपल्याच मेट्रो मार्गाचं उदाहरण घ्या. माणहून निघालेली लाइन जिथे संपते त्या शिवाजीनगरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल आहे. तिथे शिवाजी महाराजांचा साडेतेरा फुटांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा आहे, १९२८ मध्ये उभारलेला. मी आमच्या मजल्यावरच्या अकरा जणींना विचारलं, हा पुतळा कोणी केला? नऊ जणींनी तो फोटोत किंवा प्रत्यक्ष पाहिला होता. नाव एकीलाही आलं नाही. मलाही येत नव्हतं.

नाव आहे विनायक पांडुरंग करमरकर. अलिबागजवळच्या सासवण्याचे. गंमत म्हणजे यांचीही गोष्ट भिंतीपासूनच सुरू होते. लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते पाहिलं आणि विचारलं, हे कोणी काढलं? त्या एका प्रश्नामुळे तो मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढे कोलकात्यात काम केलं, १९२० च्या सुमारास लंडनला गेला, रॉयल अकॅडमीत शिकला, परत आला, आणि मग पुण्याच्या पुतळ्याचं काम हातात घेतलं. मुंबईत माझगावला त्याचं ओतकाम झालं. आपल्या मेकॅनिकलच्या मित्रांना कळेल की त्या काळात एवढ्या मोठ्या घोड्याचं कास्टिंग म्हणजे काय प्रकरण असेल. मोल्ड, गेटिंग, धातू मध्येच थिजला तर सगळंच मुसळ केरात.

करमरकर लंडनहून जे शिकून आले ते पुण्यात रस्त्यावरच्या माणसाला दिसेल असं उभं राहिलं. मशे परदेशी गेले ते शिकायला नव्हे. त्यांचं शिकणं पाड्यावरच पूर्ण झालेलं होतं. दोघांची तऱ्हा वेगळी, पण दोघांच्या आयुष्यात कोणीतरी भिंतीसमोर थांबून तोच प्रश्न विचारला. सासवण्याला कलेक्टरने विचारला, डहाणूला भास्कर कुलकर्णींनी विचारला. आणि आपल्या भिंतीसमोर फर्स्ट इयरच्या पोराने विचारला. आपल्याला मात्र, म्हणजे ज्यांना ड्रॉइंगचा अख्खा पेपर असतो त्यांना, तो सुचला नाही.

याचंच मला सगळ्यात आश्चर्य वाटतं. पहिल्या सेमिस्टरला आपल्याला पहिली गोष्ट काय शिकवतात? बॉर्डर आखा आणि उजव्या कोपऱ्यात खाली टायटल ब्लॉक काढा. नाव, रोल नंबर, तारीख, स्केल, 'ड्रॉन बाय', 'चेक्ड बाय'. टायटल ब्लॉक नसेल तर चित्र कितीही सुंदर असो, सर शीट परत फेकतात (हळुवार परत देतात, असं वाचावं). कारण कारखान्यात ते ड्रॉइंग गेल्यावर भाग चुकला तर विचारायचं कोणाला? आणि भाग छान जमला तर पाठ थोपटायची कोणाची?

आता वाकडपासून चिंचवडपर्यंत बसने जाताना पुलांच्या, भुयारी मार्गांच्या भिंती बघा. तारपा नाचतोय, मोर आहेत, मावळे आहेत. कोपऱ्यात नाव दिसलंच तर 'सौजन्य' म्हणून कोणाचं तरी, किंवा एखादा फोन नंबर. काढणाऱ्याचं नाव शोधून दाखवा. स्क्वेअर फुटाच्या दराने रंग लागलेला असतो. जो पेंटर उन्हात शिडीवर उभा राहून रंगवतो त्याचंही नाव नाही, ज्यांची ती कला त्यांचंही नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो ते मिळालं. पण नुसत्या मानांकनाने भिंत राखली जात नाही. जोवर भिंत रंगवून घेणारा विचारत नाही, तोवर तो कागद फाइलमध्येच राहतो.

आमच्या कमिटीत यावर दोन दिवस भांडण झालं. प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूही लिहिते. एक मित्र म्हणाला, "लोककला सगळ्यांची असते. उद्या भजी तळायलाही परवानगी घ्यायची का?" मुद्दा बरोबर आहे. वारली शिकायला, आवडीने वहीत काढायला कोणाची ना नाही. मशे यांच्या मुलांनी, सदाशिव आणि बाळू यांनी, हीच रेघ पुढे नेली. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे तरुण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या मोठ्या प्रदर्शनात गेले. म्हणजे ही कला काही संपत आलेली नाही की आम्ही तिचं 'जतन' करावं. ती जिवंत आहे, तिच्यात काम करणारी आपल्यापेक्षा थोडीच मोठी माणसं आहेत, आणि आपण सकाळी निघालो तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या गावी पोचू. एवढं असताना प्रोजेक्टर लावणं म्हणजे शेजारी आजी बसलेली असताना पाकिटातलं पुरण विकत आणण्यासारखं आहे. आणि देवीचा चौक पार्किंगला लावणं म्हणजे भजी नव्हेत हे त्यालाही शेवटी पटलं.

दुसरी म्हणाली, "बजेट कुठाय?" या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर आहे. गॅदरिंगच्या हिशोबात डीजेचं बिल बघा. एक रात्र वाजतं आणि दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी उरते. भिंत निदान चार बॅच बघतील. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही, मला होस्टेलमध्ये राहायचं आहे. एक तास कमी करा.

तर माझा प्रस्ताव असा. आपल्या भिंतीचा उरलेला अर्धा भाग कोरा आहे. तो कोराच ठेवू. डहाणू-तलासरी-विक्रमगड भागातल्या एखाद्या वारली कलाकाराला, शक्यतो एखाद्या बाईला, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र पाठवू. ज्या बायकांनी ही भिंत सुरू केली त्यांचीच नावं मागे राहिली आहेत, म्हणून शक्यतो बाई. त्यांनी आधी येऊन भिंत पाहावी; येण्या-जाण्याचा खर्च आपला, राहण्याची सोय गेस्ट हाउसला, सोबत कोणी आलं तर त्यांचीही. काय काढायचं ते त्या ठरवतील. माणमध्ये शेतं आहेत, आयटीच्या काचेच्या इमारती आहेत, मेट्रोचे खांब आहेत, संध्याकाळी सहाला जागेवरून न हलणारा ट्रॅफिक आहे. त्यांना जे दिसेल ते. मानधन किती ते आधी लिहून, मराठीत, दोघांच्या सहीने. सिव्हिलच्या मुलांनी प्लास्टर आणि ओल यांचं काम बघावं, कारण पहिल्याच पावसात रंग सोलला तर इज्जत कॉलेजची जाईल. आम्ही बाकीचे हाताखाली राहू, रंग कालवू, चहा आणू, आणि बघू की तो बिंदू कसा सरकतो.

आणि उजव्या कोपऱ्यात खाली टायटल ब्लॉक. नाव, गाव, तारीख. 'ड्रॉन बाय' मध्ये त्यांचं नाव. 'चेक्ड बाय' ची चौकट मात्र नको. ते तपासण्याची आपली पात्रता नाही.

आधीच्या अर्ध्या भिंतीचं काय, असं विचाराल. गेल्या रविवारी आम्ही तिघी-चौघांनी मिळून तो चौक पांढरा केला. नाचणारी माणसं राहू दिली आहेत. त्यांच्याखाली 'इंटरनेटवरून उतरवलेले, मूळ चित्रकार शोधत आहोत' असं लिहिलं आहे आणि खाली आमची चौघांची नावं. जीटी मारली तर निदान कबूल तरी करावं. चौक पुसताना तो फर्स्ट इयरचा मुलगा आला होता. शिडी धरली, काही बोलला नाही. जाताना मात्र एवढंच म्हणाला, की दिवाळीत घरी गेला की आजीला विचारेल, त्यांच्या पाड्यावर आता कोण काढतं.

जिव्या सोमा मशे १५ मे २०१८ ला गेले. तेव्हा मी शाळेत होते आणि क्राफ्टच्या वहीत काळ्या कागदावर पांढऱ्या पेनने तीच माणसं काढत होते. वहीवर माझं नाव, इयत्ता, तुकडी आणि बाईंची सही होती.

या विषयावर पुढची मीटिंग परीक्षा संपल्यावर पहिल्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, त्याच भिंतीजवळ आहे. विरोध करायला येणाऱ्यांचंही स्वागत आहे. चहा ज्याने त्याने आपला आणावा.